बॅशची जुनी आवृत्ती व नव्या संहितांचे अपयश

एका संगणकावर निर्वेध चालणारी संहिता दुसऱ्यावर स्थापनेच्या वेळीच कोलमडते, तेव्हा दोष पुष्कळदा संहितेत नसून ती वाचणाऱ्या साधनाच्या वयात असतो. १९८९ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या ‘बॅश’चा इतिहास याचे बोलके उदाहरण होय. २००७ मध्ये जीपीएल परवान्याचे तिसरे रूप आले आणि २००९ मधील बॅश ४.० त्याच परवान्याखाली निघाले. ॲपलने मात्र आपल्या संगणकांत जुन्या परवान्याखालील शेवटचे बॅश ३.२ च ठेविले. मूल्ये क्रमांकाऐवजी नावाने साठविण्याची सोय बॅश ४.० मध्ये प्रथमच आली असल्याने तिच्यावर विसंबलेल्या संहिता तेथे अडू लागल्या. सारांश, दोष शोधणाऱ्याने संहितेच्या ओळी तपासण्यापूर्वी साधनाची आवृत्ती पाहावी. तंत्रातील बिघाडाचे मूळ कधी परवान्याच्या इतिहासातही सापडते.