नाहुमच्या गल्ल्यावर

साल 1995, डिसेंबर. कोलकात्यात एस्प्लनेडला तुम्ही ट्राममधून उतरता आणि सवयीने मोबाइलसाठी खिसा चाचपता. खिसा रिकामा. याच शहरातून मुख्यमंत्री ज्योती बसूंनी देशातला पहिला मोबाइल कॉल लावला त्याला जेमतेम पाच महिने झालेत. ग्रँड हॉटेलच्या कमानींखालून, फेरीवाल्यांना चुकवत, लिंडसे स्ट्रीटला वळा. लाल विटांचं, घड्याळाच्या मनोऱ्याचं न्यू मार्केट 1874 पासून इथं उभं आहे. आत हरवलात तर कुणालाही विचारा, ‘दादा, नाहुम?’ प्रत्येक जण न थांबता हात करील.

गाळा एफ 20, नाहुमांची बेकरी. लोणी, मनुका, भाजलेलं पीठ यांचा वास रांगेआधी पोचतो. सागवानी काचपेट्यांत प्लम केक, लेमन टार्ट, चीज सामोसे. नाताळ आलाय, तेव्हा रांगेत ख्रिस्ती आहेतच. पण जास्त भरणा हिंदू बंगाली बाबूंचा, कारण कोलकात्यात हा सण सगळ्यांचा. भट्टीवरचे कारागीर बहुतेक मुसलमान. आणि गल्ल्यावर सत्तरीकडे झुकलेले मालक, डेव्हिड नाहुम, यहुदी.

यहुदी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे अलिबागकडचे बेने इस्राएल येणार, शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे, घरात मराठी बोलणारे. हे त्यांतले नव्हेत. हे बगदादी, मुंबईच्या ससून मंडळींच्या गोतातले.

डोळे मिटा, आणखी मागे चला. 1902. नाहुम इस्राएल मोर्देकाई घरी भाजलेले पाव-केक दारोदार विकतायत. हे डेव्हिडचे आजोबा. 1916 मध्ये त्यांनी हा गाळा घेतला. मग दुसरं महायुद्ध येतं: बाजारात गोऱ्या सोजिरांची झुंबड, ब्रह्मदेशातून पळून आलेली कुटुंबं, आणि शहरातले यहुदी चार-पाच हजारांवर. स्वातंत्र्यानंतर मात्र बांधाबांध सुरू होते. कुणी इस्रायल, कुणी इंग्लंड, कुणी ऑस्ट्रेलिया. घरं रिकामी होतात, लग्नाला मुलगा मिळेना, मुलगी मिळेना.

डेव्हिड राहिले. बिनलग्नाचे. बेकरी तर चालवलीच, पण समाजाच्या मालमत्तेची जबाबदारीही गळ्यात घेतली. 1884 चं माघेन डेव्हिड सिनेगॉग बघा: उंच मनोरा, रंगीत काचा, बाहेर फुटपाथवर बाजार. तिथं ओडिशातून आलेल्या मुसलमान कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या देखभाल केली. सामूहिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात, तेवढे जमेनात. तरी छत गळू नये, दिवे पुसलेले असावेत, याची काळजी केकवाल्या डेव्हिडनी करावी! दानशूर म्हणजे देणगीच्या पाटीवर नाव असलेला माणूस, अशी आपली समजूत. इथं प्रार्थनेला न येणाऱ्यांसाठी कुणीतरी प्रार्थनाघर उघडं ठेवत होतं.

धंद्यातही तोच स्वभाव. शहरात चकचकीत बेकऱ्या आल्या, तरी यांनी ना सजावट बदलली ना शाखांचा पसारा मांडला. केक असा, की कारकुनानेही पोरांसाठी घरी न्यावा. हे व्यवहाराचं शहाणपण नव्हतं, असं कुणी म्हणेल. म्हणोत बापडे.

आता 2013 मध्ये या. मार्च महिना, कोलकात्याचा उन्हाळा अजून पुरता तापलेला नाही. डेव्हिड वयाच्या 86 व्या वर्षी गेलेत. नारकेलडांग्याला यहुद्यांचं जुनं कब्रस्तान आहे. तिथं त्यांच्यासाठी माती उकरली जाते. शहरातले यहुदी एव्हाना बोटांवर मोजावेत इतके. वर्तमानपत्रांत मृत्युलेख येतात, त्यांत शोक करणारे बहुतेक त्यांच्या समाजाबाहेरचे, गिऱ्हाइकं.

बेकरी भाऊ आयझॅक यांच्याकडे जाते. भट्टी पेटते. रांगेत मागचा माणूस तुम्हाला कोपराने ढोसतोय. चीज सामोसा हवा असेल तर लवकर सांगा, तो संपतो.