उमेदवारी : पेढीवरील शिक्षणाची परंपरा आणि आजचा विद्यार्थी

जैन परंपरेत भगवान ऋषभदेवांना प्रथम तीर्थंकर म्हणून जसे वंदन केले जाते, तसेच कर्मभूमीचे आद्य शिक्षक म्हणूनही केले जाते. कल्पवृक्षांच्या आधारे जगणाऱ्या मानवावर स्वतःच्या श्रमाने जगण्याची वेळ आली, तेव्हा असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मे त्यांनी शिकविली, असे पुराणग्रंथ सांगतात. ब्राह्मी या कन्येस त्यांनी लिपी दिली आणि सुंदरी या कन्येस अंकविद्या दिली. या कथेतील दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. विद्या आणि वाणिज्य येथे एकाच मालिकेत बसतात, एक उच्च व दुसरे हीन असा भेद नाही; आणि लेखन व गणित, म्हणजे पेढीचा पायाच, प्रथम कन्यांच्या हाती सोपविला गेला. पुढील काळात समाजाने पहिली गोष्ट निष्ठेने जपली. दुसरी मात्र तो शतकानुशतके विसरून गेला.

आज दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘इंटर्नशिप’ आणि ‘पोर्टफोलिओ’ हे शब्द सर्वत्र ऐकू येतात. शाळेत असतानाच एखाद्या कचेरीत, कारखान्यात वा दवाखान्यात काही दिवस काम करावे आणि त्या कामाची पद्धतशीर नोंद ठेवावी, असा त्यांचा अर्थ. शब्द नवे आहेत, कल्पना नवी नाही. व्यापारी समाजात तिला एक जुने, अर्थपूर्ण नाव होते : उमेदवारी.

पेढी हीच पाठशाळा

उमेदवार म्हटले की आज निवडणूक आठवते. पूर्वी मात्र पुढे जागा मिळेल या उमेदीने, पगाराची अपेक्षा न धरता, पेढीवर काम शिकणाऱ्या मुलास उमेदवार म्हणत. बारा-चौदा वर्षांचा मुलगा गावाकडून मुंबईस येई, काळबादेवी वा भुलेश्वर परिसरात नातलगाच्या पेढीवर राही आणि तेथेच झोपे. पहाटे गादी झाडणे, तक्क्यांचे खोळ बदलणे, पाणी भरणे, चिठ्ठ्या पोचविणे येथून त्याचा अभ्यासक्रम सुरू होई. कापडाच्या पेढीवर तो प्रथम तागे उचलावयास व रचावयास शिके, मग मोजावयास. पन्हा नजरेने ओळखणे, पोत चिमटीत धरून सूत पारखणे, रंग पक्का की कच्चा हे पाहणे, या गोष्टी कोणत्याही पुस्तकात नव्हत्या. बोटांना त्या समजेपर्यंत वर्ष-दोन वर्षे जात.

नंतर लेखणी हाती येई. प्रथम कच्ची नोंद, मग रोजमेळ, मग खातेवही, हा क्रम ठरलेला असे. संध्याकाळी रोकड आणि रोजमेळ जुळल्याशिवाय मेहताजी उठत नसत आणि मेहताजी उठल्याशिवाय उमेदवार उठत नसे. चोपडीतील पान फाडावयाचे नाही, खाडाखोड करावयाची नाही. चूक झाली तर उलट नोंद करून ती दुरुस्त करावयाची, म्हणजे चूक आणि दुरुस्ती दोन्ही कायम राहतात. हा नियम हिशेबाचा होता, तसाच चारित्र्याचाही होता. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत कमी-अधिक मापाने देणे-घेणे आणि अस्सल मालात नकली मिसळणे यांचा स्पष्ट समावेश आहे. पाठशाळेत ऐकलेले हे व्रत मुलाने प्रत्यक्षात पाहावयाचे, ते वाराने कापड मोजणाऱ्या हाताकडे पाहून.

या शाळेने थोर माणसे घडविली. ज्यांनी आपल्या मातोश्रींच्या स्मरणार्थ मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर उभारण्यास देणगी दिली, ते प्रेमचंद रायचंद तरुणपणी एका दलालाचे साहाय्यक होते. इंग्रजी जाणणारा दलाल म्हणून त्यांचे नाव झाले ते त्यानंतर. १८६५ च्या शेअर बाजारातील पडझडीत त्यांचे वैभव कोसळले, तरी १८७५ मध्ये दलालांची संघटना स्थापन झाली तेव्हा संस्थापकांत त्यांचे नाव होते. १८५१ मध्ये सुरतेस जन्मलेले दानवीर माणिकचंद हिराचंद झव्हेरी मुंबईत मोती ओवण्याचे काम शिकले आणि पुढे जवाहिऱ्यांत अग्रगण्य ठरले. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी घरची पेढी पाहिली, पण त्यांचे खरे व्यवहारशिक्षण झाले ते रेल्वेत कारकुनी केलेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्यासमवेत रेल्वेची कंत्राटे घेताना.

परंपरेची दुसरी बाजू

तथापि, सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत केवळ गुणगान करणे इतिहासास धरून होणार नाही. उमेदवारीत दोष होते आणि ते लहान नव्हते. मुलगा वर्षानुवर्षे झाडलोटच करीत राही, शिकविण्याचे बंधन शेठजींवर नसे. त्याच्या ज्ञानाचा कोणताही दाखला नसे. शेठजींची शिफारस हीच त्याची पदवी, आणि ती मिळणे न मिळणे मर्जीवर अवलंबून असे. नात्यागोत्याबाहेरच्या मुलास पेढीची पायरी चढणे कठीण होते. आणि सर्वांत मोठा दोष असा, की ज्या परंपरेच्या आरंभी ब्राह्मी आणि सुंदरी आहेत, त्या परंपरेच्या पेढीवर मुलीला जागा नव्हती.

ही उणीव समाजातीलच व्यक्तींनी ओळखली. माणिकचंद शेठ यांनी वडिलांच्या नावाने मुंबईत जैन विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग उभारले आणि अन्यत्रही वसतिगृहांना साहाय्य केले. त्यांच्या कन्या मगनबाई यांना अकाली वैधव्य आले. त्यांनी दुःखात न बुडता मुंबईत श्राविकाश्रम सुरू केला आणि निराधार स्त्रियांना शिक्षण व स्वावलंबनाचा मार्ग दाखविला. सोलापुरात पद्मश्री सुमतीबाई शहा यांनी हेच कार्य विस्तारले. १९१५ मध्ये आचार्य विजयवल्लभसूरीश्वरजींच्या प्रेरणेने श्री महावीर जैन विद्यालय सुरू झाले आणि गावोगावच्या मुलांची उच्च शिक्षणासाठी मुंबईत राहण्या-जेवण्याची सोय झाली. या संस्थेची शाखा पुढे अंधेरीतही उभी राहिली. पेढीवर झोपणारा मुलगा आता वसतिगृहात झोपू लागला. शिक्षण व्यापक झाले. परंतु हाताचे काम आणि पुस्तक यांची फारकतही येथूनच सुरू झाली.

कर्मवीरांनी घातलेली सांगड

ही फारकत मिटविणारा महापुरुष जैन समाजातच जन्मास आला. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे झाला. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून ते राजाराम हायस्कुलात शिकले, पण मॅट्रिकपर्यंत पोचले नाहीत. पुढे त्यांनी साताऱ्यास शिकवण्या केल्या, ओगल्यांच्या काचमालाचा व किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचा प्रचार करीत ते गावोगाव हिंडले. नांगर विकता विकता त्यांनी खेडे पाहिले, आणि शेतकऱ्यास नांगराइतकीच अक्षराची गरज आहे, हे त्यांच्या मनाने घेतले. विक्रेत्याची ही भटकंती हीच त्यांची उमेदवारी होती.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह सुरू झाले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत व एका पंगतीत जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नाव देण्यात आले. मुलांच्या जेवणास पैसे उरले नाहीत तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिनेच नव्हे, तर मंगळसूत्रही दिले. १९४० मध्ये साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले आणि ‘कमवा व शिका’ ही योजना माध्यमिक शाळेत प्रत्यक्ष अवतरली. मुले शेतात राबत, माती वाहत, दगड फोडत आणि त्या श्रमातून आपल्या शिक्षणाचा भार उचलत.

पेढीवरची उमेदवारी आणि कर्मवीरांची योजना यांतील भेद समजून घेण्याजोगा आहे. पेढीवर मुलगा कामासाठी शिकत होता. साताऱ्यास तो शिक्षणासाठी काम करीत होता. येथे जात वा नाते यांची अट नव्हती, आणि श्रमाचा मोबदला शेठजींच्या मर्जीवर नव्हे, तर शिक्षणाच्या रूपाने हक्काने मिळत होता. ९ मे १९५९ रोजी कर्मवीरांचे निधन झाले. त्याच वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले होते.

उपनगरांत काय घडले

मुंबईच्या उपनगरांत ही परंपरा का क्षीण झाली, याचे उत्तर नकाशात सापडते. काळबादेवी, भुलेश्वर, गिरगाव येथे घर आणि पेढी एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर, कित्येकदा एकाच इमारतीत असत. शाळा सुटली की मुलगा सहज पेढीवर डोकावे. स्वातंत्र्योत्तर काळात जागेच्या टंचाईमुळे कुटुंबे घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली येथे येऊन स्थिरावली. देरासरे, उपाश्रय, पाठशाळा उभ्या राहिल्या, मोकळी हवा लाभली. पेढी मात्र बाजारातच राहिली. घर आणि पेढी यांच्यामध्ये लोकल गाडी आली. वडील सकाळच्या गाडीने जावयाचे आणि चोविहार साधावा म्हणून संध्याकाळचा डबा पेढीवरच उघडावयाचा. घरी पोचेपर्यंत मुले झोपलेली. वडील नेमके काय करतात, हे पाहण्याची संधीच एका पिढीस मिळाली नाही.

याच पन्नास वर्षांत शिक्षणाचा साचाही बदलला. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात कार्यानुभवाचा आग्रह धरला. महाराष्ट्रात नव्या आकृतिबंधातील दहावीची पहिली परीक्षा १९७५ मध्ये झाली आणि वेळापत्रकात कार्यानुभव हा विषयही दिसू लागला. पण तो बहुतेक ठिकाणी खडू, मेणबत्त्या व कागदी फुलांपलीकडे गेला नाही. टक्केवारीची स्पर्धा वाढली, शिकवणी वर्ग वाढले. सोळा वर्षांच्या मुलास कॉमर्स घ्यावे की सायन्स हा निर्णय घ्यावा लागतो, तो बहुधा एकही कामाची जागा आतून न पाहता.

उमेदवारी पूर्णपणे लोपली, असे मात्र म्हणता येणार नाही. १९४९ मध्ये चार्टर्ड अकाउंटंट्सची संस्था स्थापन झाली आणि आर्टिकलशिपच्या रूपाने उमेदवारीस कायद्याचे अधिष्ठान लाभले. दीर्घकाळ तीन वर्षांची असलेली ही मुदत २०२३ च्या नव्या योजनेत दोन वर्षांची झाली. घाटकोपर-मुलुंडच्या कित्येक जैन घरांतील मुलीही आज सीए आहेत. पेढीवर नाकारलेली जागा त्यांनी परीक्षेच्या आणि आर्टिकलशिपच्या बळावर मिळविली. १९६१ च्या कायद्याने कारखान्यांत शिकणाऱ्या तरुणांची सोय केली, आणि सरकारी मराठीने त्यांच्यासाठी ‘शिकाऊ उमेदवार’ हाच जुना शब्द राखला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे व व्यावसायिकांकडे जाऊन काम शिकावे, असे सुचविले आहे.

नवी चोपडी

पोर्टफोलिओ म्हणजे विद्यार्थ्याची चोपडीच होय. कोणत्या तारखेस कोठे गेलो, काय पाहिले, स्वतः काय केले, कोठे चुकलो आणि कसे सुधारले, याची क्रमवार नोंद. सोबत केलेल्या कामाचा नमुना आणि शिकविणाऱ्याचे चार शब्द. दिखाऊ प्रमाणपत्रांची जाड फाइल म्हणजे पोर्टफोलिओ नव्हे. रोजमेळ जसा त्याच दिवशी लिहावा लागतो, तशीच ही नोंदही रोजची असावी. वर्षअखेरीस जुळविलेला रोजमेळ कोणताही अनुभवी मेहताजी क्षणात ओळखतो. आणि पान फाडू नये, हा जुना नियम येथेही लागू आहे. चुकलेल्या नोंदीतूनच विद्यार्थ्याची खरी पारख होते.

या कार्यास मोठा निधी लागत नाही. उपनगरांतील समाजात कापडाचे व्यापारी आहेत, जवाहिरे आहेत, डॉक्टर, वकील, सीए, औषधविक्रेते, छापखानेवाले आहेत. प्रत्येकाने उन्हाळी सुट्टीत दोन विद्यार्थ्यांना पंधरा दिवस आपल्या कामाच्या जागी सामावून घेतले, तर परंपरेचा धागा पुन्हा जुळेल. मात्र जुने दोष परत येता कामा नयेत. चौदा वर्षांखालील मुलांना कामास लावण्यास कायद्याची मनाई आहे आणि ती योग्यच आहे. त्यांनी केवळ पाहावे. मोठ्यांनी करावे, पण ते शिकण्यासाठी. फुकटचा नोकर म्हणून नव्हे. काय शिकविणार हे आधी ठरलेले असावे आणि अखेरीस लेखी दाखला द्यावा. नात्यातील मुलाऐवजी अनोळखी घरातील मुलास, विशेषतः ज्याच्या वडिलांची पेढी नाही अशा मुलास, अगोदर जागा मिळावी. आणि दोघांत एक मुलगी असावी.

दिवाळीच्या चोपडीपूजनात नव्या वहीच्या पहिल्या पानावर गौतमस्वामींच्या लब्धीची, शालिभद्राच्या ऋद्धीची आणि अभयकुमाराच्या बुद्धीची याचना लिहिली जाते. ऋद्धी वारशाने मिळू शकते. बुद्धी प्रत्येक पिढीस नव्याने कमवावी लागते. संस्थेने पन्नास वर्षे शिष्यवृत्त्या आणि पाठ्यपुस्तके देऊन विद्यार्थ्यांच्या हाती विद्या दिली. पुढील वाटचालीत त्या विद्येस कर्माची जोड मिळाली, तर ऋषभदेवांनी घालून दिलेली मालिका पुन्हा पूर्ण होईल, आणि त्या मालिकेत ब्राह्मी व सुंदरी यांना त्यांची मूळची जागाही परत मिळेल.

जय जिनेंद्र.