मृतदेहाचे दान : एक मागोवा

गंगाखेडला गोदावरीच्या घाटावर अंत्यविधी नित्याचेच. संत जनाबाईंच्या या गावी मृत्यूचे बोलणे कोणी हळू आवाजात करीत नाही. तेथील एका कुटुंबात सांत्वनासाठी गेलो असता घरच्या आजींनी मला विचारले, “फादर, आमचा धाकटा म्हणतो, मी माझा देह डॉक्टरांच्या कॉलेजला देणार. कबरेत नसलेला माणूस शेवटच्या दिवशी उठेल कसा?”

हा प्रश्न भाबडा म्हणून सोडून देण्यासारखा नाही. ख्रिस्तसभेने देहाला नेहमीच मान दिला. आपण शवपेटीला धूप दाखवतो, संतांचे अवशेष जपतो. गोव्यात संत फ्रान्सिस झेविअर यांचा देह आहे. त्यांचा उजवा हात मात्र १६१४ साली रोमला नेण्यात आला. हात रोममध्ये व देह गोव्यात, म्हणून त्यांचे पुनरुत्थान अडेल असे कोणाही श्रद्धावंताच्या मनात आलेले नाही.

पोप बोनिफेस आठवे यांनी १२९९ साली शवविच्छेदनावर बंदी घातली, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. वास्तविक त्यांचे आज्ञापत्र निराळ्याच प्रथेविरुद्ध होते. परमुलखी मरण पावलेल्या सरदारांची शवे उकळून, केवळ हाडे स्वदेशी नेण्याची चाल त्या काळी पडली होती. तिला त्यांनी मनाई केली. त्यानंतर वीसएक वर्षांच्या आत बोलोन्या येथे मोंदिनो या वैद्याने मानवी शव उघडून शिष्यांना शिकविले. १५४३ साली वेसालिअसचा शरीररचनेवरील महाग्रंथ निघाला, तो पाडुआच्या विद्यापीठात शिकवीत असताना.

याच पाडुआत १५९१ च्या सुमारास सव्हॉय प्रांतातील एक तरुण कायद्याचा अभ्यास करीत होता. तो मरणोन्मुख झाला. शवे मिळविण्यासाठी वैद्यकीचे विद्यार्थी त्या काळी कबरी उकरीत, आणि त्यावरून मृतांचे नातलग व विद्यार्थी यांच्यात रक्तपात होई. या तरुणाने आपल्या शिक्षक-धर्मगुरूंना सांगितले, की माझा देह त्या विद्यार्थ्यांना द्या. जिवंतपणी उपयोगी पडलो नाही, निदान मेल्यावर एखादे भांडण तरी टळेल. तो बरा झाला, जिनिव्हाचा बिशप झाला, १६२२ साली वारला. लेखक-पत्रकारांचे आश्रयदाते संत फ्रान्सिस द सेल्स ते हेच! त्यांच्या सणाच्या प्रवचनात ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते, याचे मला नवल वाटते.

परंतु स्वेच्छेने देणारे थोडे. इंग्लंडात फाशी गेलेल्यांची शवे वापरीत. ती अपुरी पडू लागली. १८२८ साली एडिंबरोत बर्क व हेअर या दोघांनी सोळा माणसे मारून शवे विकल्याचे उघडकीस आले. पुढे १८३२ चा कायदा झाला आणि अनाथगृहांतील बेवारस गरिबांची शवे वैद्यकशाळांकडे जाऊ लागली.

आपल्याकडे कोलकात्यात पंडित मधुसूदन गुप्त यांनी १८३६ साली मानवी शवाचे विच्छेदन करून रूढीची भिंत फोडली. मुंबईत १८४५ साली ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याच्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड व आत्माराम पांडुरंग यांच्याबरोबर गोव्याचे आपले कॅथलिक बंधू जुझे कामिल लिस्बोआ हेही होते. शवाला हात लावल्याशिवाय शिकणे शक्यच नव्हते. मग ती शवे कोणाची? पुढे १९४९ च्या मुंबई शरीरशास्त्र अधिनियमाने उत्तर कायद्यात लिहिले : ज्यांच्यावर कोणी हक्क सांगितला नाही, त्यांची. (मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता.) म्हणजे आपल्या डॉक्टरांचे पहिले गुरू म्हणजे पदपथावर मेलेली, नावगाव नसलेली माणसे. त्यांना कोणी विचारले नव्हते. त्यांच्या या मौनाची मला खंत वाटते. एका रुग्णालयात अशाच एका म्हाताऱ्याला तैलाभ्यंग दिला होता. दोन दिवसांनी दफनासाठी गेलो, तेव्हा देह तेथे नव्हता.

विचारून देणारेही आहेत. मिलानचे धर्मगुरू डॉन कार्लो न्योक्की यांनी २८ फेब्रुवारी १९५६ रोजी मरताना आपली नेत्रपटले दोन अंध मुलांना दिली. इटलीत तेव्हा तसा कायदाही नव्हता. त्याच वर्षी १४ मे रोजी पोप पायस बारावे यांनी नेत्रतज्ज्ञांपुढे स्पष्ट केले, की मृताच्या देहाचा असा उपयोग मुळात गैर नाही. मात्र तो देह म्हणजे केवळ वस्तू नव्हे आणि नातलगांच्या भावनांचा मान राखला पाहिजे. २००९ साली डॉन कार्लो धन्यवादित घोषित झाले.

आपल्या भागातील उदाहरण नानाजी देशमुखांचे. त्यांचे जन्मगाव कडोळी तेव्हा परभणी जिल्ह्यात होते, आता हिंगोलीत आहे. त्यांच्या राजकारणाविषयी कोणाचे काहीही मत असो. २७ फेब्रुवारी २०१० रोजी चित्रकूटला वयाच्या ९३ व्या वर्षी ते वारले, तेव्हा त्यांनी आधीच लिहून ठेवल्याप्रमाणे त्यांचा देह दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेला देण्यात आला.

आजींना मी एवढेच सांगितले, की ज्याने मातीतून घडविले त्याला माती कोठे सांडली हे ठाऊक असते. त्यांनी मान हलविली. मग विचारले, “पण त्याच्या नावाची मिस्सा कोठे करायची?”

“इथेच,” मी म्हणालो.