पन्नाशी आणि मधुमेह

माझ्या थोरल्या भगिनीस पन्नाशीनंतर वारंवार तहान लागूं लागली. आम्हीं ती वयाची खूण मानिली, निघाला मधुमेह.

स्त्रीचा ऋतु बाराव्या वर्षीं सुरू होऊन पन्नासाव्या वर्षीं थांबतो, असें सुश्रुतसंहितेंत आहे. मधुमेहाचें वर्णनही तिच्यांतच आहे. परंतु दोहोंतील नातें शास्त्राला फार उशिरां उकललें. १९२१ सालीं टोरांटो येथें इन्सुलिन गवसलें. १९२९ सालीं ईस्ट्रोन हा स्त्रीदेहाचा अंतःस्राव शुद्ध स्वरूपांत हातीं आला. हे स्राव ओसरले म्हणजे मेद पोटाभोंवतीं सांचतो व इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो, हें पुढें उमगलें. त्यांत वाढतें वय भर घालतें.

मग स्राव औषधरूपानें कां देऊं नयेत? अमेरिकेंतील मोठ्या प्रयोगांत त्यांनीं मधुमेह कमी झाला खरा. परंतु स्तनाचा कर्करोग व पक्षाघात वाढल्यामुळें तो २००२ सालीं थांबवावा लागला. त्याच वर्षीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगांत, साखर वाढूं लागलेल्या स्त्रीपुरुषांचा धोका मिताहार व व्यायाम यांनीं ५८ टक्क्यांनीं घटला.

ऋतुनिवृत्ति हा रोग नव्हे. तथापि गृहिणीची तहान वयाच्या खातीं मांडूं नका. रक्त तपासून घ्या. आम्हीं तें उशिरां केलें.