‘फायटर’ मासा हवेतून श्वास घेतो, मग टाकीत फिल्टर कशाला?

अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात छोट्या बरणीत एकटाच ठेवलेला, लांब पंखांचा रंगीत मासा तुम्ही पाहिला असेल. हा ‘फायटर’ म्हणजेच बीटा. ‘याला ऑक्सिजनचं मशीन लागत नाही,’ असं सांगून तो अनेकदा विकला जातो. हे अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं माहीत नसल्याने अनेक फायटर बरणीतच दगावतात.

हवेतून श्वास कसा घेतो?

बीटा मूळचा थायलंडचा. भातखाचरं आणि दलदलीच्या उथळ, कोमट पाण्यात तो राहतो. तिथे पाण्यात ऑक्सिजन कमी असतो. त्यामुळे कल्ल्यांसोबत त्याच्या डोक्यात ‘लॅबिरिंथ’ नावाचा घड्या घड्यांचा अवयव असतो. मासा वर येतो, तोंडाने हवा घेतो आणि या अवयवातून ऑक्सिजन रक्तात जातो. गुरामी माशांमध्येही हीच सोय असते. आपल्या बाजारात जिवंत मिळणारा मरळही हवेतून श्वास घेतो, पण त्याची रचना थोडी वेगळी असते.

मग पाणी फिरतं का ठेवायचं?

मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजूनही तो तयार होतो. अमोनियामुळे कल्ल्यांना इजा होते. फिल्टरमध्ये वाढणारे जिवाणू अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेट करतात. या जिवाणूंना मात्र पाण्यातलाच ऑक्सिजन लागतो.

नायट्राइट साठलं तर माशाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता घटते. म्हणजे वर भरपूर हवा असूनही मासा गुदमरतो. तो सतत वर येऊन धापा टाकत असेल, तर आधी पाणी तपासा.

टाकीत काय करावं?

- एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर सगळ्यात सोयीचा. नळीवर छोटा व्हॉल्व लावून हवा कमी-जास्त करता येते.
- प्रवाह मंद ठेवा. जोरदार प्रवाहात लांब पंखांचा बीटा दमतो.
- बुडबुड्यांपेक्षा पाण्याचा पृष्ठभाग हलणं महत्त्वाचं. बराचसा ऑक्सिजन तिथूनच पाण्यात मिसळतो.
- झाकण ठेवा, कारण बीटा उडी मारतो. पण पाणी आणि झाकणात मोकळी जागा हवी. तरंगत्या झाडांनी सगळा पृष्ठभाग झाकू देऊ नका. वर यायला वाटच नसेल, तर हा मासा पाण्यातही गुदमरू शकतो.
- पाणी 24 ते 28 अंश सेल्सिअस ठेवा.
- दर आठवड्याला साधारण पाव भाग पाणी बदला. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी काढा. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा, नाहीतर जिवाणू मरतात.

वीज गेली तर?

बीटा काही तास सहज तग धरतो, पण जिवाणूंना ऑक्सिजन कमी पडू लागतो. अशा वेळी खाणं देऊ नका. वीज बराच वेळ आली नाही, तर मगाने टाकीतलं पाणी हळूच वरून ओता. पंप टाकीच्या खालच्या पातळीवर असेल, तर नळीला चेक व्हॉल्व लावा, नाहीतर पाणी उलटं पंपात येतं.

पिल्लं असतील तर आणखी काळजी हवी. लॅबिरिंथ जन्मतः तयार नसतो. पहिले काही आठवडे ती फक्त पाण्यातल्या ऑक्सिजनवरच जगतात.