यहुदी समाजाची शिरगणती

कोणत्याही समाजास आपल्या शाळा, प्रार्थनामंदिरें व वृद्धाश्रम यांची तरतूद करावयाची म्हटली, म्हणजे आपण किती आहों हें आधीं ठाऊक असावें लागतें. हा प्रश्न वरवर केवळ अंकगणिताचा दिसतो. परंतु अमेरिकेंतील यहुदी समाजाचा अर्वाचीन इतिहास पाहिला असतां, 'आपण किती?' या प्रश्नाच्या पोटीं 'आपण कोण?' हा अधिक बिकट प्रश्न दडलेला असतो, असें आम्हांस वाटतें.

या अभ्यासाचें एक आद्य पीठ बर्लिन होय. तेथें १९०४ सालीं यहुदी आंकडेशास्त्राची स्वतंत्र कचेरी निघाली व आर्थर रुपिन हे तिचे चालक झाले. अमेरिकेंत अडचण निराळीच होती. आपल्याकडील खानेसुमारींत धर्माचा रकाना असतो. तेथील दशवार्षिक खानेसुमारींत तो नसतो. तेव्हां यहुद्यांस आपली मोजदाद आपल्याच खर्चानें करणें प्राप्त झालें. त्यांच्या धर्मादाय संघांच्या मध्यवर्ती मंडळानें १९७०-७१ सालीं पहिली देशव्यापी पाहणी केली व १९९० सालीं दुसरी. या दुसऱ्या पाहणींत सव्वा लाखावर घरांशीं दूरध्वनीनें संपर्क साधून, त्यांतून २४४१ कुटुंबांची सविस्तर माहिती मिळविण्यांत आली.

तिचे निष्कर्ष १९९१ सालीं बाहेर पडले. १९८५ नंतर विवाह केलेल्या यहुद्यांपैकीं शेंकडा ५२ जणांनीं यहुदीतर जोडीदार पत्करला होता! हा आंकडा समाजाच्या जिव्हारीं लागला. समाज पुढें टिकेल कसा, या चिंतेनें पुढाऱ्यांस ग्रासलें. देणग्यांचा ओघ धर्मशिक्षणाकडे व तरुणांच्या संस्कारांकडे वळूं लागला. यहुदी तरुणांसाठीं १९९९ सालीं सुरू झालेली दहा दिवसांची विनामूल्य इस्राएल-यात्रा याच वातावरणांत जन्मास आली.

पुढें अभ्यासकांनीं तो आंकडा पारखून घेतला. जन्मानें यहुदी, पण अन्य धर्मांत वाढलेलीं माणसेंही त्यांत धरलेलीं होतीं. त्यांस वगळतांच तेंच प्रमाण शेंकडा ४३ वर आलें. विवाह तेच, वर्षें तींच. बदलली ती केवळ यहुदी कोणास म्हणावें याची व्याख्या.

तेवढ्यानें मूळ चिंता खोटी ठरत नाहीं. प्यू संस्थेच्या २०२० च्या पाहणींत, २०१० नंतर झालेल्या विवाहांत हें प्रमाण शेंकडा ६१ आढळलें. परंतु मिश्रविवाह झाला म्हणजे पुढची पिढी गमावलीच, हें अनुमान मात्र तपासून पाहिलें पाहिजे. बोस्टन येथील यहुदी संघ १९६५ पासून दर दहा वर्षांनीं आपल्या नगराची पाहणी करीत आला आहे. मिश्रविवाह केलेल्या कुटुंबांस दूर न लोटतां जवळ करण्याचें त्याचें धोरण होतें. २००५ च्या पाहणींत अशा कुटुंबांतील सुमारें शेंकडा ६० मुलें यहुदी म्हणून वाढविलीं जात असल्याचें दिसून आलें. एकाच आगतस्वागतानें हें घडलें, असें कोणी म्हणूं नये. पण विवाह कोणाशीं झाला एवढेंच विचारणारास हें दृश्य दिसलेंच नसतें.

आमच्या मतें यांतील बोध असा, कीं व्याख्या ठरवितांनाच आपल्यांत कोणास घ्यावयाचें व कोणास वगळावयाचें याचा निम्मा निवाडा होऊन जातो. तो निवाडा समाजानें उघड्या डोळ्यांनीं करावा. आंकडेशास्त्र्यांच्या पदरीं टाकून मोकळें होऊं नये. कारण त्या आंकड्याच्या आधारेंच पुढें एखादी शाळा उघडते, आणि एखाद्या घरास दार बंदही होतें.