माळवद की कौले?

कोकणात आमच्या गावी नवे घर बांधायचे ठरले आणि घरात दोन तट पडले. धाकट्या भावाला सपाट स्लॅब हवा होता. वाळवणाला जागा होते, पुढेमागे मजला चढवता येतो. वडिलांना उतरते कौलारू छप्पर हवे होते. पूर्वी असला वाद होत नसे. तो पाऊसच मिटवून टाकी.

कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस. पाणी थांबू नये म्हणून छप्पर उतरते. आधी गवताचे, मग कुंभाराच्या नळीच्या कौलांचे. पावसाळ्यापूर्वी ती शाकारावी लागत. 1865 मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि एकमेकांत अडकणारी चपटी मंगलोरी कौले समुद्रमार्गे आपल्या बंदरांत उतरू लागली.

घाट चढून मराठवाड्यात गेले की पाऊस सात-आठशे मिलिमीटरांवर येतो. उन्हाळा मात्र कडक. तिथे माळवद. लाकडी खांब, तुळया, वर फळ्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. खाली गारवा, वर डाळी-मिरच्या वाळवायच्या, उन्हाळ्यात रात्री तिथेच अंथरूण टाकायचे. छप्पर गळू लागले की आणखी माती. जुनी माती सहसा कोणी उतरवत नसे, त्यामुळे थर फूट-दोन फुटांवर गेले.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसे गेली. दोष एकट्या माळवदाचा नव्हता. भिंती जाड, पण दगड मातीत रचलेले, आतली आणि बाहेरची बाजू बांधून ठेवणारे आडवे दगड बहुधा नसत. भिंती फुटल्या आणि डोक्यावरचे मातीचे ओझे झोपलेल्या माणसांवर आले. पिढ्यान्‌पिढ्या ज्याने उन्हापासून राखले, तेच.

घरी मी हे सांगितले तेव्हा भाऊ म्हणाला, “सिमेंटचा स्लॅब म्हणजे माळवद नव्हे.” ते खरेच. पण आमच्या भागात कितीतरी स्लॅबांवर गळतीपायी पुन्हा पत्र्याची उतरती शेड चढली आहे. वडिलांनी विचारले, “छपरे दोन, खर्च दोनदा, तो कशाला?”

शेवटी कौले ठरली. सागवान परवडेना म्हणून कैच्या लोखंडी घेतल्या. भावाच्या वाळवणासाठी मागच्या पडवीवर छोटा स्लॅब टाकला. माकडे कौले फोडतात त्यावर मात्र अजून उपाय सापडलेला नाही. शंभरेक जादा कौले गोठ्यात रचून ठेवली आहेत.